हातपाय शाबूत

शिरड शहापूर
सोमवार, ता. ४ ऑक्टोबर १९३७

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, हिंगोलीच्या तहसील कचेरीत, पेशकारांच्या मेजासमोर, सरकारने मला धडधाकट ठरवले. वेळ नक्की सांगते, कारण समोर भिंतीवर घड्याळ होते आणि त्या कचेरीत चालू असलेली तेवढी एकच वस्तू होती.

तीन वर्षांपूर्वी वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या हातातला खडू पडला. पाठोपाठ मी पडले. उठवले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय माझे ऐकेनासे झाले होते. मुलींच्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका होते मी. काम होत नाही म्हणून सरकारने मुदतीआधी घरी बसवले आणि दरमहाचा वजीफा लावून दिला. तो चालू राहावा म्हणून दर वर्षी पंचनामा लागतो. गावचे दोन पंच कचेरीच्या माणसापुढे सांगतात की बाई हयात आहे आणि अजून माजूर आहे, म्हणजे कामाला असमर्थ आहे. जुने पेशकार गावात न येताच ‘मागीलप्रमाणे’ असे लिहून टाकीत. आळशी गृहस्थ. आज त्यांची आठवण झाली.

हे नवे पेशकार कामसू निघाले. गेल्या महिन्यात स्वतः गावात आले, चावडीत बसले, पंचांना विचारले आणि गेले. मला बोलावले नाही. बाईमाणसाला चावडीपर्यंत कशाला तकलीफ, असे म्हणाले म्हणे.

पंचांनी सांगितले: बाईंचे हातपाय शाबूत आहेत, तब्येत ठणठणीत आहे. खाली तातेराव पाटलाची सही आणि दगडोबाचा अंगठा.

“बाईसाब, पंचां बोले सो मैं लिख्या,” पेशकार म्हणाले. आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो. “और आप तो खुद चलके आये. कागज भी सीधे हाथ से दिये.”

सीधे हाथ से! पदराआडून डाव्या हाताने मी उजव्याचे मनगट उचलून धरते आणि कागद बोटांच्या बेचक्यात घरूनच अडकवून आणते. हे कोणाला दिसत नाही. दिसू नये म्हणूनच पदर. डाव्या हाताने सरकारी माणसापुढे कागद टाकायला मी कुठल्या उकिरड्यावर वाढलेली नाही, सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकले आहे. पण याचा अर्थ हात चालतो असा काढायला पेशकाराचेच डोके हवे.

हुकूम असा: वजीफा बंद. एक डिसेंबरला हट्टा गावच्या शाळेत रुजू व्हावे. न झाल्यास आपण होऊन नोकरी सोडली असे समजण्यात येईल.

हट्ट्याला मी फळ्याशी उभी राहू शकत नाही, आणि वजीफ्याशिवाय या दोन खोल्यांत राहू शकत नाही. उरला नांदेडचा पुतण्या. त्याची बायको मला ‘मोठ्या आई’ म्हणते आणि माझ्यादेखत साखरेच्या डब्याला कुलूप घालते.

हे सगळे इंग्रजीत लिहिणार होते. पण रागवायला मराठीच बरी.

मंगळवार, ता. ५ ऑक्टोबर

आज गावभर घट बसले. मी सखुबाईला समोर बसवले. ही माझी घरमालकीण. सकाळी येऊन माझी वेणी घालते, लुगडे नेसवते आणि त्या वेळात गावाची सगळी बातमी देते. एवढी बातमी मात्र महिनाभर दिली नाही.

“चावडीत काय झाले, ते सांग.”

“काय व्हायचंय वो बाई? सायबानं इचारलं, मास्तरीनबाई कशा हायत. पाटील म्हनले, लई चांगल्या हायत. आमच्या गावाची शोभा हायत. शंभर वर्सं जगतील.”

“आणि हात?”

“हाताचं बी चांगलंच सांगितलं. दगडोबा तर म्हनला, बाईवानी ताठ मानूस साऱ्या मुलखात न्हाई.”

“आणि हे ऐकून तू गप्प बसलीस?”

“मी काहून बोलू? चांगलं बोलून राहिले व्हते की!”

चांगलं! कोणाचा गळा असा गोड शब्दांनी कापलेला मी प्रथमच पाहिला. तातेरावाची लेक धुरपता माझ्याकडे तिसरीपर्यंत शिकली. पुढे लग्नासाठी त्याने तिला शाळेतून काढली, तेव्हा मी त्याला त्याच्याच दारात उभा करून बोलले होते. अकरा गावे ऐकतील असे बोलले होते. त्याचा सूड माणूस असा घेतो. दगडोबाचे कारण अजून सापडलेले नाही. सापडेल.

शुक्रवार, ता. ८ ऑक्टोबर

कचेरीला शुक्रवारची सुट्टी, म्हणून पाटील गावातच होता. चावडी गाठली. पायऱ्यांपाशी सखुबाईच्या खांद्यावर हात ठेवला. तिला धाप लागली होती, आधार हवा होता.

“तातेराव, माझ्याबद्दल खोटी जबानी का दिलीस?”

चावडीत पाच-सात माणसे होती. सगळी उठून उभी राहिली. हे त्यांचे नेहमीचे नाटक.

“खोटी? बाई, आमी तुमचं वाईट काहून सांगावं?” पाटील म्हणाला. “परका मानूस. भर चावडी. त्याच्यापुढं मी म्हनू का, आमच्या बाईंचं अंग मोडलंय? आमच्या तोंडानं?”

“खरे ते सांगायचे!”

“खरं हाय. पन असं खरं कुनी कुनाच्या पाठीमागं बोलतं का? तुमीच शिकवलं नव्हं लेकरांना, आंधळ्याला आंधळा म्हनायचं न्हाई?”

दगडोबा मध्येच पुटपुटला, “अन् त्या वाऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, बाई. नाव घेतलं की ते ऐकतं. डाव्या अंगाला बी यायचं.”

अंगावरून वारे जाणे म्हणजे लकवा. याच्या समजुतीने लकव्याला कान असतात आणि आपले नाव ऐकून तो परत येतो! म्हणजे दगडोबाचे कारण अडाणीपणा. मला वाटले होते तेवढे खोल नव्हते.

धुरपतेचे नाव मी मुद्दाम काढले. पाटलाने मान खाली घातली. म्हणाला, “तिचा कागद येतो, बाई. सासरहून. सोता लिहिती. तिसरीपुरतंच झालं, पन लिहिती.”

विषयांतर करण्यात हा माणूस पटाईत आहे.

मंगळवार, ता. १२ ऑक्टोबर

शेजारच्या तांड्यातल्या मोहनसिंगाची दमणी केली आणि हिंगोलीला गेले. वाटभर त्याने बैल इतके हळू हाकले की मी दोनदा हटकले. म्हणाला, बैलं दमलीत. परत येऊन दारात उतरले आणि पाहिले, मोकळ्या दमणीला तेच बैल उधळत निघाले होते.

कचेरीबाहेर पुनमचंद अर्जनवीस बसतो. अर्ज उर्दूत लागतो. मला ती बोलता येते, लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या चटईपुढे स्टूल घेऊन बसावे लागले.

“सांगा बाई. नाव, गाव, दुखणं.”

“लिहा: अर्जदाराचे शरीर अलीकडे किंचित असहकार करते.”

त्याने टाक खाली ठेवला. “किंचितवर सरकार काय देनार? आपन लिहू, गरीब लाचार विधवा, हात लुळा, पाय लुळा, हुजुरांच्या उंबऱ्यावर डोकं ठेवते. दोन ठिकानी आसू टाकू. मी आसू लई चांगले टाकतो. एका बाईचा अर्ज वाचून तालुकदारसायब रुमाल काढले होते.”

“मी कोणाच्या उंबऱ्यावर डोके ठेवत नाही. आणि लुळा हा शब्द माझ्या अर्जात येणार नाही.”

“मग मागता कशासाठी, बाई?”

“हक्क म्हणून.”

“हक्काला उर्दूत शब्द हाय,” पुनमचंद म्हणाला, “पन त्याच्यापुढं पैसे कधी लिहिलेले मी बघितले न्हाईत.”

त्याच्या अर्जाचा नाद तिथेच सोडला. मी स्वतः इंग्रजीत लिहिलेला अर्ज बरोबर होताच. तो डाव्या हाताने लिहिलेला. लहानपणी मी डावखुरी होते. सिस्टर पट्टी मारमारून उजव्याने लिहायला लावीत. त्यांच्या पट्टीला न जुमानता तो डावा हात आत कुठेतरी शिकतच राहिला असावा. दोन पाने, एक खाडाखोड नाही, वळण पाहून घ्यावे.

पेशकारांनी पाहून घेतले. पाने उलटसुलट केली. शेजारच्या कारकुनाला दाखवली.

“इतना अच्छा लिखते आप! तो माजूर कैसे?”

यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ऐकून घेऊन त्यांनी एवढेच सांगितले की पंच जबानी बदलत असतील तर ते दिवाळीनंतर सोमवारी, आठ नोव्हेंबरला, पुन्हा गावात येतील. या खेपेला मीही चावडीत हजर असावे.

गुरुवार, ता. १४ ऑक्टोबर, दसरा

सायंकाळी गाव सोने द्यायला आले. आपट्याची पाने हातात द्यायची, ही पद्धत आहे. लेकरालाही ठाऊक आहे. आज एकानेही माझ्या हातात दिली नाहीत. पाटील आला, पाने खिडकीत ठेवली आणि वाकून नमस्कार केला. दगडोबाने तिथेच. बायकांनी तिथेच. जणू आधी ठरवून आले होते.

तीन वर्षे पाहते आहे, दर दसऱ्याला हेच. माझ्या हाताला हात लागू नये असे काय आहे माझ्यात? एवढा दुस्वास गावाने निदान सणाला तरी आवरावा.

सोमवार, ता. २५ ऑक्टोबर

विशेष काही नाही. पितळी तांब्या पडला. दोनदा.

शनिवार, ता. ६ नोव्हेंबर

काल दिवाळी संपली. आज पंचांना घरी बोलावले आणि चटईवर बसवले. तीस वर्षे कोऱ्या पाट्यांवर अक्षरे उमटवली. या दोघांकडून एक वाक्य पाठ करून घेणे काय कठीण, असे वाटले होते.

“म्हणा: बाईंचा उजवा हात निकामी आहे.”

“बाईंचा उजवा हात,” पाटील म्हणाला आणि थांबला.

“पुढे?”

“जरा रुसलाय,” दगडोबा म्हणाला.

दाराआड सखुबाई फसकन हसली. मी पट्टी आपटली.

“निकामी! नि-का-मी. तू म्हण, दगडोबा.”

“बाईंचा उजवा हात निका...” त्याने कान पकडले. “मला न्हाई जमत, बाई. तुमी मला कोंबडा करा.”

“तातेराव!”

पाटलाने पागोटे काढून मांडीवर घेतले. “बाई, माज्या धुरपतीचा हात धरून तुमी ‘श्री’ काढून घेतला. त्याच हातानं. मी उभा व्हतो दाराशी. त्या हाताला मी निकामी म्हनू?”

“हो! म्हण! तेवढ्यासाठीच बोलावले आहे तुला!”

“मग वजीफा मिळंल?”

“मिळेल.”

“अन् न्हाई मिळला तर तुमी नांदेडाला जानार?”

“जावेच लागेल. तुमची सुटका होईल.”

त्याने पागोटे डोक्यावर चढवले. मग उठला. “म्हनतो, बाई. सोमवारी म्हनतो. पन तिथं तुमी मला बोलू नका, मधी. माजा धीर जाईल.”

मला धीराच्या गोष्टी सांगतो!

सोमवार, ता. ८ नोव्हेंबर

पेशकार दहाला आले. रोजे सुरू आहेत, म्हणून चहाही घेतला नाही आणि पाणीही. चावडीत माझ्यासाठी शाळेतून खुर्ची आणली होती. मी ताठ बसले. पदर नीट होता. बाहेर सारे गाव.

“पाटील, बोलो. बाईसाबकी हालत क्या है?”

शिकवलेले वाक्य मोजून पाच शब्दांचे होते. तातेराव जमिनीकडे पाहत बोलू लागला आणि थांबेचना.

“सायेब, मागं मी खोटं बोललो. बाईंचा उजवा हात निकामी हाय. पाय बी. त्यांना केस बांधता येत न्हाईत, सखुबाई बांधती. लुगडं तीच नेसवती. भाकर मोडता येत न्हाई, ती मोडून ताटात ठेवती. पानी गल्लीतल्या बाया पाळीपाळीनं भरत्यात. दसऱ्याला आमी सोनं खिडकीत ठिवतो, त्यांना हात पुढं करावा लागू न्हाई म्हनून. उंबऱ्याला पाय अडून त्या दोनदा पडल्या. मग त्या एकदा नांदेडाला गेल्या तवा आमी सुतार बोलावून उंबरा तासून घेतला. त्यांना सांगितलं न्हाई. दमणीत बसल्या की मोहनसिंग बैलं...”

“खोटे आहे!”

मी उभी होते. कशी उठले ते ठाऊक नाही.

“खोटे आहे, पेशकारसाहेब. माझे केस मी बांधते. माझी भाकरी मी मोडते. मला कोणी पाणी भरत नाही, मी पैसे देऊन भरून घेते. लिहून घ्या!”

पाटील रडत होता. एवढा मोठा मिशांचा माणूस, गाव पाहत असताना. लाज नावाची गोष्ट नाही.

पेशकार टाक धरून माझ्याकडे पाहत राहिले. “लिखूं, बाईसाब? ये लिख्या तो आपका वजीफा गया. सोचो.”

“लिहा!”

त्यांनी लिहिले. मग पाटलाचेही लिहिले. म्हणाले, दोन्ही जबान्या परभणीला जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारांकडे पाठवतो, निकाल ते देतील. आणि हळूच: “आप खुद उनकू लिखो. जो सच है सो. किसीके सामने नहीं, घर बैठके.”

मी खुर्चीत परत बसले. त्यानंतर उठता येईना. सखुबाईने ओढले, तरी नाही. मग पाटील, दगडोबा आणि आणखी दोघांनी मला खुर्चीसकट उचलले. विहिणीसारखी वाजतगाजत न्यायची तेवढी बाकी होती. सारी वाट मी त्यांना बोलत होते. मागे वळून पाहिले तर पेशकार चावडीच्या पायरीवर उभे होते, टोपी हातात घेऊन. उन्हाने असेल.

मंगळवार, ता. ९ नोव्हेंबर

उंबरा पाहिला. खाली बसून, बोट फिरवून पाहिला. मधोमध चार बोटे खोल तासलेला आहे. कडा इतक्या गुळगुळीत केल्या आहेत की सांगितल्याशिवाय कळू नये.

गेल्या वर्षीची वही काढली. मार्चमध्ये नांदेडहून आल्यावर मी लिहिले आहे: ‘पाय सुधारतो आहे. आज उंबरा सहज ओलांडला. इच्छाशक्तीपुढे शरीर नमते.’

सखुबाई वेणी घालायला आली. मी म्हटले, “माझ्या दाराला हात लावायला कोणाची परवानगी घेतली होती?”

“माजंच घर हाय की, बाई,” ती म्हणाली आणि केस विंचरू लागली.

बुधवार, ता. १० नोव्हेंबर

पत्र मराठीत लिहिले आहे. उर्दू करून घ्यायचे असेल तर सरकारने करावे. आज मोहनसिंगाबरोबर टपालात टाकले. नक्कल येथे उतरवून ठेवते.

अव्वल तालुकदार साहेब, परभणी, यांस,

ता. ४ ऑक्टोबर रोजी माझा वजीफा बंद करण्यात आला. पंचांनी मला धडधाकट म्हटले ते ऐकून आपल्या कचेरीने विश्वास ठेवला. आमच्या गावात मोठ्या माणसाचे व्यंग परक्यापुढे उच्चारीत नाहीत. ज्या कचेरीला एवढे ठाऊक नाही तिने गावात येऊन पंचनामे करू नयेत.

ता. ८ नोव्हेंबर रोजी तातेराव पाटलांनी जे सांगितले ते शब्दशः खरे आहे. मी ते खोटे म्हटले, ते रागाने. माझी ती जबानी रद्द समजावी आणि पुढील धरावी.

माझा उजवा हात लुळा आहे. तो कशालाही उपयोगी नाही. मी कागद देते तेव्हा तो डाव्या हाताने उचलून धरलेला असतो. तसा मी तो आपल्या पेशकारांनाही दिला आणि ते फसले, यात त्यांचा दोष नाही. उजवा पाय ओढावा लागतो. केस, लुगडे, भाकरी, पाणी यांसाठी मी दुसऱ्यांवर अवलंबून आहे. ते दुसरे लोक याचे पैसे घेत नाहीत. मी देते असे जे सांगितले तेही खरे नाही. हे लिहायला मला दोन दिवस लागले. हे मी एकदाच लिहीत आहे. पुढल्या वर्षी विचारायचे झाल्यास मला विचारावे, माझ्या दारात येऊन विचारावे. गावाला चावडीत उभे करून त्यांच्या तोंडून वदवून घेऊ नये. त्यांना ते जमत नाही, आणि ज्यांना जमते त्यांची अवस्था माझ्याच्याने पुन्हा पाहवणार नाही.

हट्ट्याच्या शाळेत मी रुजू होणार नाही. नांदेडलाही जाणार नाही. मी शिरड शहापुरात, सखुबाईच्या घरात राहणार आहे. वजीफा चालू होतो की नाही, आणि होत नसल्यास कोणत्या कलमाने, याचे लेखी उत्तर सही-शिक्क्यासह मंगळवार, ता. ३० नोव्हेंबर १९३७ रोजी सायंकाळी पाच वाजण्याच्या आत मला या पत्त्यावर मिळाले पाहिजे. तोंडी निरोप स्वीकारला जाणार नाही.

सुभद्राबाई तळणीकर
माजी मुख्याध्यापिका
माजूर